लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी होते तेव्हा

आमच्या वेळापुरात एप्रिलच्या दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरूही नसते. जोहरची नमाज उरकून माणसे पंख्याखाली आडवी होतात. अशाच एका दुपारी आतल्या खोलीतून थोरल्या मुलीचा आवाज आला, "अब्बा, परत गेलं!" आम्ही दोघे उठून गेलो. लॅपटॉपची स्क्रीन काळी होती, पंखा मात्र पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. दोन-तीन सेकंदांनी चित्र परत आले. पण तिचे सॉफ्टवेअर बंद पडले होते आणि तासाभराचे काम त्याबरोबर गेले होते. त्या आठवड्यातली ही पाचवी खेप.

मुलगी पुण्यात इंटिरिअर डिझाइन शिकते, शेवटचे वर्ष. सुट्टीत घरी बसून प्रकल्प पूर्ण करायचा आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात सादर करायचा, असा बेत होता. लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी घेतलेला, किंमत ७८ हजार. त्यात आमच्या भिशीचे पैसे होते आणि तिने दहावीपासून साठवलेली ईदीही होती. वॉरंटी एका वर्षाची, ती कधीच संपली होती.

हा लॅपटॉप घेतला तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली होती. "मुलीला गेमचा लॅपटॉप कशाला?" हा प्रश्न आमच्या घरी बरेच दिवस फिरत होता. म्हणून हे आधी सांगून टाकतो. दुकानात ज्याला गेमिंग लॅपटॉप म्हणतात त्यात मुख्य प्रोसेसरशिवाय चित्रे काढण्यासाठी एक वेगळी ताकदवान चिप असते. तिला ग्राफिक्स कार्ड किंवा जीपीयू म्हणतात. गेममध्ये पळणारा घोडा ती काढते, तशीच दिवाणखान्याच्या भिंतीवर खिडकीतून पडणारी उन्हाची तिरीपही काढते. आर्किटेक्चर, इंटिरिअर, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ एडिटिंग, इंजिनिअरिंगचे थ्रीडी ड्रॉइंग, या सगळ्यांना ती लागते. आपल्या घरांतून आता या शाखांकडे मुले-मुली जाऊ लागली आहेत, त्यामुळे असा लॅपटॉप घरात आला की 'गेम खेळायला आणला' असा शिक्का मारण्याचे कारण नाही.

हा शिक्का आम्हीही मारलाच, पण मुलीवर नाही. धाकटा नववीत आहे. तो रात्री ईशानंतर तासभर या लॅपटॉपवर फुटबॉलचा गेम खेळायचा. स्क्रीन काळी होऊ लागली तेव्हा आम्ही काहीही न विचारता त्यालाच धारेवर धरले. "तुझ्या गेममुळे ताईचं वर्ष जाणार," इथपर्यंत बोललो. लॅपटॉपला हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. तो काही बोलला नाही. दादी मात्र दोन दिवस आमच्याशी नीट बोलल्या नाहीत.

मग लॅपटॉप घेऊन आम्ही एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने तो चालू केला, पाच मिनिटे पाहिला आणि सांगितले, "मदरबोर्ड गेलाय. यात ग्राफिक्स चिप बोर्डवरच असते, वेगळी निघत नाही. २६ हजार लागतील." चिप बोर्डवर असते हे त्याचे म्हणणे खरे होते, बहुतेक लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच पक्की जोडलेली असते. पण बोर्ड गेला आहे हे त्याने कशावरून ठरवले, ते काही त्याने सांगितले नाही. आम्ही उद्या येतो म्हणून परत आलो. एवढी रक्कम हातात नव्हती हे एक, आणि मन मानत नव्हते हे दुसरे.

मुलीचे मामू पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळण्याचे काम करतात. रात्री त्यांना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "किती वाजता होतं? लॅपटॉप कुठं ठेवलेला असतो? चार्जर लावलेला असतो का? त्या वेळी काय चालू असतं?" आमच्याकडे एकाही प्रश्नाचे धड उत्तर नव्हते. मामू म्हणाले, "दूल्हाभाई, आधी एक वही करा. दर वेळी स्क्रीन गेली की तारीख, वेळ, जागा, चार्जर आहे की नाही आणि काय चालू होतं, एवढं लिहा. आठ-दहा दिवस. आणि हे काम धाकट्याला द्या, तसाही तुम्ही त्याला रिकामा बसवलाय." मुलीला त्यांनी एवढेच सांगितले की दर दहा मिनिटांनी काम सेव्ह कर आणि रोज रात्री त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घे. बिघाड काहीही असो, पहिले काम हेच. लॅपटॉप पुन्हा घेता येतो, केलेले काम नाही.

वहीचे पुढे काय झाले ते सांगण्याआधी हा प्रकार नेमका काय असतो ते मामूंनी आम्हाला जसे समजावले तसे सांगतो.

ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्रॅम. विंडोजला ग्राफिक्स चिपची भाषा येत नाही, आणि चिपला विंडोजची. मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोज म्हणते, 'हे चित्र काढ', ड्रायव्हर ते चिपला समजेल असे सांगतो, चिप काढते. आता समजा चिप मध्येच अडकली आणि उत्तरच देईना. पूर्वी अशा वेळी सगळा कॉम्प्युटर गोठायचा आणि बटण दाबून बंद करावा लागायचा. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने यावर एक पहारेकरी बसवला. चिपने साधारण दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर बंद करून पुन्हा सुरू करते. ती दोन-तीन सेकंदांची काळी स्क्रीन म्हणजे हीच उठाठेव. एका मिनिटात हे पाचाहून जास्त वेळा झाले तर विंडोज हात टेकते आणि निळी स्क्रीन येते. तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर' असे शब्द दिसतात.

म्हणजे 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आणि तो पूर्ववत झाला' हा जो संदेश येतो, तो तापासारखा आहे. ताप आला हे खरे, पण मलेरियाचा की टायफॉइडचा ते त्यावरून कळत नाही. चिप का अडकली? उष्णतेने अडकली असेल, विजेने असेल, ड्रायव्हरच्या दोषाने असेल, किंवा ती खरोखर निकामी होत असेल. आणि महागडा इलाज फक्त शेवटच्या कारणाला लागतो. बाकीची तीन कारणे घरात बसून तपासता येतात.

विंडोज स्वतःही एक वही ठेवते, हे आम्हाला माहीतच नव्हते. स्टार्टवर क्लिक करून इंग्रजीत 'रिलायबिलिटी' एवढे टाइप केले की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असा पर्याय येतो. त्यात दिवसांप्रमाणे एक तक्ता असतो. ज्या दिवशी काही कोसळले त्या दिवशी लाल खूण, आणि खाली त्या दिवशी कोणते अपडेट आले, कोणते सॉफ्टवेअर बसवले त्याची यादी. आणखी तपशील हवा असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम'मध्ये पाहायचे. ड्रायव्हर कोसळून पुन्हा उभा राहिल्याची नोंद ४१०१ या क्रमांकाने होते. धाकट्याने आपली वही आणि विंडोजची वही शेजारी ठेवून ताळा घेतला.

अकरा दिवसांत सतरा नोंदी झाल्या. त्यांतल्या तेरा दुपारी बारा ते पाचच्या दरम्यानच्या. त्या तेराही वेळा लॅपटॉप पलंगावर, गादीवर होता, कारण आतल्या खोलीत पंख्याखाली पलंगच आहे. उरलेल्या चार वेगवेगळ्या वेळच्या. आणि सतरापैकी एकदाही गेम चालू नव्हता. कसा असेल? आम्ही त्याला लॅपटॉपला हात लावू देत नव्हतो. गेम बंद होऊनही बिघाड तसाच होता, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. सूरह हुजुरातमध्ये बातमी कानावर आली की आधी शहानिशा करण्याची ताकीद आहे, नाही तर नकळत कुणाचे तरी नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल. ही आयत आम्ही मस्जिदीत कितीदा ऐकली असेल. ती घरातल्या मुलाच्या बाबतीतही लागू आहे हे आमच्या ध्यानात त्या वहीने आणून दिले. त्या रात्री जेवताना आम्ही धाकट्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या अब्बा," आणि ताटाकडे बघत राहिला.

आता तेरा नोंदींकडे येऊ. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ असते जी कुणीच वाचत नाही: हे यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावे. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि आमच्यासारख्यांच्या पत्र्याच्या खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्तच उकडते. लॅपटॉप आतली उष्णता बाहेर टाकतो ती भोवतालची हवा ओढून. ती हवाच तापलेली असेल तर पंखा कितीही ओरडला तरी उपयोग मर्यादित. त्यात गादी. हवा आत घेण्याच्या फटी लॅपटॉपच्या पोटाखाली असतात आणि गादीत तो रुतला की त्या बंद. चिप साधारण ८५ ते ९० अंशांपर्यंत तापली की स्वतःचा वेग कमी करते, तीच तिची सुरक्षा. पण कधी कधी तेवढ्याने भागत नाही आणि ती अडकते.

तापमान बघण्यासाठी वेगळे काही लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जीपीयूवर क्लिक केले की वेगळ्या ग्राफिक्स चिपचे तापमान दिसते. आमचे दुपारी ८९ दिसत होते. पहाटे फजरनंतर त्याच कामाला ७६.

मामूंच्या सांगण्यावरून लॅपटॉप उघडून साफ केला. हे काम जमेल असे वाटत नसेल तर दुकानातून फक्त साफसफाई करून घ्यावी, त्याला फार पैसे पडत नाहीत. वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी कंपनीला विचारावे. घरी करायचेच असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, खालचे झाकण काढायचे. पंख्याची पाती काडीने धरून ठेवायची, मगच ब्लोअर मारायचा. पाती हवेने गरगर फिरली तर पंखा खराब होऊ शकतो. केस वाळवायचा गरम ड्रायर वापरू नये. ओला कपडा तर नाहीच.

आतून काय निघाले? पंख्याच्या तोंडाशी, जिथे तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते, तिथे वाकळेच्या अस्तरासारखा करडा थर. गादीचा कापूस, साधी धूळ, आणि त्यात काळी काजळी. ही काजळी आमच्या भागात ओळखीची आहे. ऊसतोड झाली की शेतात पाचट पेटवतात, त्याचे काळे तुकडे वाऱ्याने येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर पडतात. अम्मी-दादी दरवर्षी त्यावरून बडबडतात. कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत हे चालतेच. तीच काजळी दोन हंगाम लॅपटॉपने ओढून घेतली होती. शिवाय हमरस्ता आमच्यापासून लांब नाही, उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र चालू, आणि आषाढात माउलींची पालखी वेळापूर मुक्कामी येते तेव्हा तर गावाच्या अंगावर धुळीची चादरच असते. पुण्या-मुंबईच्या घरात दोन वर्षांत एकदा सफाई पुरत असेल, ऊसपट्ट्यात वर्षातून एकदा करावी, हंगाम संपल्यावर.

चिप आणि तिच्यावरचा धातूचा तुकडा यांच्यामध्ये एक लेप असतो, थर्मल पेस्ट. काही वर्षांत तो वाळतो. आमचा अजून ठीक होता, पण झाकण उघडलेच होते म्हणून नवा लावून घेतला. तो कामाला मात्र जाणत्या माणसाचा हात हवा. लॅपटॉप गादीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवला, मागची बाजू दोन बाटल्यांच्या झाकणांनी उचलली. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'टर्बो' होते ते 'बॅलन्स्ड' केले. त्याने चित्र तयार व्हायला थोडा वेळ जास्त लागतो, पण चिप थंड राहते. आणि मुलीने आपले जड काम पहाटे आणि रात्री करायचे ठरवले. दुपारचे तापमान ८९ वरून ८१ वर आले.

तेरा नोंदी बंद झाल्या. चार राहिल्या.

त्यांतली एक विजेची निघाली. रात्री वीज जाऊन इन्व्हर्टर लागला त्याच क्षणी स्क्रीन गेली होती. अशा लॅपटॉपचा चार्जर साध्या लॅपटॉपच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा असतो, दीडशे ते अडीचशे वॅटपर्यंत. घरातल्या जुन्या इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत नसते, आणि एकाच बोर्डवर फ्रीजही असेल तर झटका बसतो. जड काम चालू असताना वीज गेली तर काम थांबवून आधी सेव्ह करावे, एवढेच आम्ही आता पाळतो. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचे अर्थिंग बघून घ्या, ते लॅपटॉपपुरते नाही, जिवाशी संबंधित आहे. चार्जर हरवला म्हणून कमी वॅटचा दुसरा लावणे हेही बिघाडाचे नेहमीचे कारण असते.

शेवटच्या तीन नोंदींनी सगळ्यात जास्त दमवले. थंड हवेत, पाटावर, साध्या कामातही स्क्रीन गेली होती. विंडोजच्या तक्त्यात मागे जाऊन पाहिले तर पहिली लाल खूण आली त्याच्या आदल्याच दिवशी ग्राफिक्स ड्रायव्हरचे अपडेट आपोआप बसल्याची नोंद होती. मुलीने ते बसवले नव्हते, विंडोज अपडेटने परस्पर बसवले होते. अपडेट नवे म्हणजे चांगलेच असते असे नाही. २०१० च्या मार्चमध्ये एनव्हिडियाने आपला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर परत घेतला होता, कारण त्याने काहींच्या कार्डांचे पंखेच नीट चालेनात. २०२५ च्या सुरुवातीलाही त्यांच्या नव्या ड्रायव्हरनंतर काळ्या स्क्रीनच्या तक्रारी जगभरातून आल्या आणि एकामागून एक दुरुस्त्या काढाव्या लागल्या. त्यात लॅपटॉपचे आणखी एक त्रांगडे. त्यात बहुधा दोन ग्राफिक्स असतात: प्रोसेसरच्या आतली छोटी चिप साध्या कामाला आणि वेगळी मोठी चिप जड कामाला. बॅटरी वाचावी म्हणून यंत्र गरजेप्रमाणे एकीवरून दुसरीवर जाते. दोघींचे ड्रायव्हर वेगळे, आणि त्यांचे आपसात जुळावे लागते. म्हणून लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी तपासलेले ड्रायव्हर आपल्या संकेतस्थळावर ठेवते. ते चिप कंपनीच्या ताज्या ड्रायव्हरपेक्षा जुने असतात, पण स्क्रीन जात असेल तर आधी तेच घालून पाहावेत.

सगळ्यात सोपा उपाय आधी करावा. डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स'मधल्या ग्राफिक्सच्या नावावर दोनदा क्लिक करायचे आणि 'ड्रायव्हर' या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबायचे. त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो. आमच्याकडे ते बटण फिकट होते, म्हणजे जुना ड्रायव्हर शिल्लकच नव्हता. मग पूर्ण सफाई करावी लागली. ती मामूंनी फोनवर धरून करून घेतली.

आधी लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेला मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरून दोन्ही ड्रायव्हर उतरवले आणि पेन ड्राइव्हवर ठेवले. फाइल मोठी असते, मोबाइलच्या रोजच्या डेटातला मोठा वाटा खाते. त्याबरोबर जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारे 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे मोफत सॉफ्टवेअरही घेतले. मग मामू म्हणाले, "थांबा, आधी बिटलॉकरची किल्ली लिहून घ्या." हे फार महत्त्वाचे. आजकाल अनेक लॅपटॉपमधली माहिती आपोआप कुलूपबंद असते आणि अशा उठाठेवीत विंडोज ४८ आकडी किल्ली मागू शकते. ती मुलीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती. कागदावर उतरवून घेतली. मग वायफाय बंद केले, नाही तर आपण जुना काढतो आणि विंडोज मागच्या दाराने तोच पुन्हा आणून बसवते. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' केले, 'ट्रबलशूट'मधून पुढे 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये जाऊन सेफ मोड निवडला. सेफ मोडमध्ये स्क्रीन ओबडधोबड दिसते, घाबरू नये. तिथे ते सॉफ्टवेअर चालवून जुने सगळे काढले. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आधी छोट्या चिपचा आणि मग मोठ्या चिपचा ड्रायव्हर बसवला, पुन्हा रीस्टार्ट, आणि मगच वायफाय चालू. सगळे मिळून दीड तास लागला, त्यातला निम्मा वेळ आम्ही बटणे शोधण्यात घालवला.

एक बटणांचा मेळ लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्क्रीन काळी होऊन परत येतच नसेल तर विंडोजचे बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि इंग्रजी बी एकत्र दाबावे. बीप असा आवाज येऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, काम बहुधा वाचते.

दोन सेकंदांची ती मुदत वाढवायचा उपायही लोक सांगतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत आकडा बदलून ते करता येते आणि काही थ्रीडी सॉफ्टवेअर बनवणारेही तसा सल्ला देतात, कारण त्यांचे काम खरोखरच लांबते. पण मायक्रोसॉफ्टच्या मते ही सेटिंग ड्रायव्हरच्या चाचणीसाठी आहे, वापरणाऱ्यांनी बदलण्यासाठी नाही. चिप तापल्याने अडकत असेल तर मुदत वाढवणे म्हणजे ताप मोजायचे थर्मामीटर फेकून देणे. आम्ही त्याला हात लावला नाही.

एवढे करूनही बोर्ड खरोखर गेलेला असू शकतो, हे मान्य केले पाहिजे. ते ओळखायच्या काही खुणा आहेत. लॅपटॉप चालू करताच, विंडोज यायच्या आधी कंपनीच्या बोधचिन्हावरच रंगीत पट्टे किंवा चौकटी दिसतात. ड्रायव्हर स्वच्छ बसवूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' येत राहतो. टीव्हीला केबल लावून पाहिले तर तिथेही तेच फाटलेले चित्र येते. टीव्हीवर चित्र नीट आणि लॅपटॉपवर फाटलेले असेल तर दोष स्क्रीनचा किंवा तिच्या वायरचा असतो, आणि तो बोर्डापेक्षा स्वस्तात सुटतो. चिप कंपन्यांकडूनही चूक होते. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने काही लॅपटॉप चिपमध्ये वापरलेले जोडणीचे साहित्य कमजोर निघाल्याचे सांगून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तापणे-निवणे, तापणे-निवणे असे होत होत त्या चिपांचे सांधे तुटत होते. त्या काळात चिप गरम करून 'जिवंत' करायचा धंदा जोरात होता. आजही काही दुकानांत चिपला गरम हवा मारून लॅपटॉप चालू करून देतात. तो काही आठवडे चालतो आणि पुन्हा झोपतो. त्यासाठी पैसे देण्याआधी दुरुस्तीवर किती महिन्यांची हमी आहे ते पावतीवर लिहून घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा. आपण मागितला की 'काय बदलले' याचे उत्तर आपोआप खरे होत जाते.

वॉरंटीतला लॅपटॉप वारंवार बिघडत असेल आणि कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पण पुरावा लागतो: पावती, दुकानाच्या जॉबशीट, आणि कधी-कधी काय झाले याची नोंद. धाकट्याच्या वहीसारखी वही तिथेही कामाला येते.

आमचा खर्च सांगायचा तर ब्लोअर शेजाऱ्यांचा, पेस्ट लावण्याचे ४०० रुपये, डेटाचे रिचार्ज एक. अल्हमदुलिल्लाह, मुलीचे काम वेळेत गेले. सबमिशनच्या आदल्या रात्री तिने सव्वाचार तास रेंडर लावले होते, आणि आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून आतला पंख्याचा आवाज ऐकत जागे होतो. दादी तस्बीह ओढत होत्या, मध्येच विचारायच्या, "चालू आहे ना गं?"

वही अजून टीव्हीखालच्या फळीवर आहे. जूनमध्ये एक नोंद झाली, पावसाच्या पहिल्या गडगडाटात वीज गेली तेव्हाची. तारीख, वेळ, जागा, चार्जर, सगळे रकाने भरले आहेत. 'काय चालू होते' या रकान्यात धाकट्याने लिहिले आहे, 'अब्बा युट्यूबवर शेळ्यांच्या बाजाराचा व्हिडिओ पाहत होते,' आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत.